रोपवाटिकेतील हात आणि यंत्र

चिखलदऱ्याचा घाट चढताना जो साग दिसतो, तो सारा आपोआप उगवला, अशी आपली समजूत असते. मेळघाटातला पुष्कळ साग रानबीजाचा आहे खरा; परंतु वनखात्याने जो लावला तो मजुरांच्या, विशेषतः कोरकू बायांच्या, हातून गेलेला आहे. त्या हातांचा इतिहास कोणी लिहीत नाही.

सागाचे बी मोठे हट्टी. आलटून पालटून पाण्यात भिजवावे, उन्हात वाळवावे, तेव्हा कोठे ते फुटते. वर्षभराचे रोप उपटून दोन बोटे खोड व वीतभर मूळ ठेवून छाटले की त्याची जडी होते. पाऊस पडताच पहारीने भोक पाडून ती रोवावयाची. पुढे पॉलिथिनच्या पिशव्या आल्या. माती, वाळू, शेणखत चाळून पिशवी भरावयाची, आपटून बसवावयाची, ओळीने मांडावयाची. मजुरी नगावर ठरली की तंटा मोजणीचा: फाटकी पिशवी धरावयाची की नाही? आमच्यासारख्यांची निम्मी भांडणे अशा पिशव्यांवरूनच झाली.

१९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी राज्यभर आली. १९७७ साली तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तिच्या खर्चासाठीच १९७५ साली व्यवसाय कर बसला. तो शहरातल्या पगारदारांनी भरला, हे श्रोत्यांनी ध्यानात घ्यावे. केंद्राच्या २००५ च्या कायद्यानेही मजुरीचा वाटा किमान ६० टक्के ठेवला आणि माणसाचे काम हिरावणारी यंत्रे होता होईल तो टाळावीत असे म्हटले.

मग काथ्याच्या भुशाने भरलेले प्लास्टिकचे साचे आले, भरणी यंत्राने होऊ लागली. २०१९ साली राज्याने ३३ कोटी झाडांचा संकल्प सोडला, तेव्हा घाई आणखी वाढली. न्यायाने बोलावयाचे तर साचा वाईट नाही. पिशवीत मूळ तळाशी गुंडाळते, साच्यात ते सरळ उतरते. आणि चढावर ओझे हलके होते. वऱ्हाडात कापसाचा रेचा जाऊन जीन आले, तेव्हाही रेचा परत आणा असे म्हणण्यात अर्थ नव्हता. रेचा फिरवणारीला नफ्यातले काय मिळाले, एवढेच विचारावयाचे होते. ते कोणी विचारले नाही.

याच अमरावती जिल्ह्यात शेंदुरजनाघाटला संत्र्याच्या कलमांचा मोठा व्यापार आहे. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधणे हे अजून हाताचेच काम. ज्याची बोटे त्यात बसली आहेत तो कारागीर मालकाशी दर बोलू शकतो. पिशवी भरणारीला ते साधत नाही, कारण तिच्या जागी दुसरी लगेच मिळते आणि आता यंत्रही मिळते.

मेळघाटात रोपवाटिकेचे काम म्हणजे गावात राहून मिळणारे काम. ते नसले की दिवाळीनंतर घराला कडी लावून कुटुंबेच्या कुटुंबे खाली सपाटीवर सोंगणीला उतरतात, ती होळीला परततात. शाळेत जाणारी पोरेही बरोबर जातात.