पाच वॅटची पेटी : सुधारणेच्या एका प्रश्नाचा इतिहास

गिटार शिकू लागलेल्या माणसापुढे पहिल्या दोनएक वर्षांत एक प्रश्न हटकून उभा राहतो. ऐपतीप्रमाणे घेतलेला स्वस्त अ‍ॅम्प्लिफायर आता अपुरा वाटू लागलेला असतो आणि नवा घेण्याइतके पैसे नसतात. मग कोणीतरी सांगते, स्पीकर बदल, व्हॉल्व्ह बदल, ट्रान्सफॉर्मर बदल. हीच पेटी तिप्पट किमतीच्या पेटीला मागे टाकेल. हे करावे की करू नये? प्रश्न वरकरणी दुकानातला आहे आणि त्याची उत्तरेही बहुधा दुकानाच्याच भाषेत दिली जातात. परंतु या प्रश्नामागे पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो नजरेखालून घातल्यावर असे दिसते की 'मूळ' कशाला म्हणावे, 'सुधारून वाढवलेली आवृत्ती' मुळाहून सरस असतेच का, दोष कुठे संपतो आणि शैली कुठे सुरू होते, हे साहित्याच्या अभ्यासकाच्या नित्याच्या परिचयाचे वाद इथे लाकूड, पत्रा आणि तांब्याच्या तारेत मूर्त झालेले आहेत.

लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. १९३८ साली त्याने तिथे स्वतःचे दुकान काढले. पुढे विजेच्या गिटारशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले त्या या गृहस्थाला गिटार वाजवता येत नव्हती. त्याच्या सुरुवातीच्या अ‍ॅम्प्लिफायरांची रचनाही आकाशातून पडलेली नव्हती. व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्या आपला माल खपावा म्हणून नमुन्याच्या मांडण्या पुस्तिकांतून छापत, त्यांवरूनच ती बेतलेली होती. १९४८ मध्ये त्याने 'चॅम्पियन ८००' नावाची लहानशी पेटी काढली, पाठोपाठ सहा इंची स्पीकरची 'चॅम्पियन ६००' आली, आणि १९५० च्या दशकात हीच मालिका 'चॅम्प' या नावाने स्थिरावली. ही पेटी शिकाऊ विद्यार्थ्यांसाठी होती. आत तीन व्हॉल्व्ह : एक आवाज उचलणारा, एक स्पीकरला जोर देणारा, एक घरातल्या विजेचे रूपांतर करणारा. बाहेर आवाज कमीजास्त करण्याचे एकच बटण. शक्ती जेमतेम पाच वॅट. कंपनीच्या यादीत हिचे स्थान सर्वांत तळाशी होते, आणि विद्यार्थ्याने यथावकाश ती टाकून मोठी पेटी घ्यावी अशीच सर्वांची अपेक्षा होती.

ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना ही यंत्रणा वेगळी समजावून सांगायला नको. बटण फिरवल्यावर आतला तांबूस उजेड हळूहळू वाढत जाणे, अर्ध्या मिनिटाने आवाज उमटणे आणि फार मोठा केल्यास तो फाटणे, हे सगळे तेच. रेडिओवर फाटलेला आवाज कोणालाच नको असे. गिटारच्या बाबतीत मात्र १९५० च्या दशकात काहीतरी उलटेच घडत गेले.

१९५१ च्या मार्चमध्ये मेम्फिसला सॅम फिलिप्सच्या ध्वनिमुद्रणगृहात आयक टर्नरच्या वादकांनी 'रॉकेट ८८' हे गीत मुद्रित केले. विली किझार्टचा अ‍ॅम्प्लिफायर प्रवासात बिघडला होता. स्पीकरचा कागद इजा पावलेला, दुसरी पेटी आणण्याची सोय नाही. फिलिप्सने आत कागदाचे बोळे कोंबले आणि तसेच काम उरकले. गिटारचा आवाज घोगरा, काहीसा सॅक्सोफोनसारखा आला, आणि तोच लोकांच्या कानात बसला. १९५८ मध्ये लिंक रे याने 'रंबल' मुद्रित करताना हाच परिणाम मुद्दाम घडवला. त्याने पेन्सिलीने स्पीकरला भोके पाडली. या रचनेत एकही शब्द नसूनही अमेरिकेतील काही आकाशवाणी केंद्रांनी ती वाजवण्यास नकार दिला. नुसत्या नादाला अश्लाघ्य ठरवले गेल्याचे असे उदाहरण विरळाच. १९६४ साली लंडनमध्ये डेव्ह डेव्हिस या सतरा वर्षांच्या पोराने एका क्षुल्लक 'एल्पिको' अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरवर दाढीच्या पात्याने चिरा पाडल्या आणि किंक्सच्या 'यू रिअली गॉट मी' या गीताला त्याचा प्रसिद्ध खरखरीत आवाज मिळाला.

तेरा वर्षांत अपघाताची युक्ती झाली आणि युक्तीची रीत. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की या तिन्ही प्रसंगी पेटीची गुणवत्ता वाढवलेली नाही, घटवलेली आहे. अभियंत्याच्या मोजमापाने तिन्ही पेट्या नादुरुस्त ठरतील. तेव्हा सुधारणेचा विचार करणाऱ्याने आधी स्वतःला विचारायला हवे, की आपल्याला मोजमाप सुधारायचे आहे की आवाज.

चॅम्पचे भाग्यही याच वळणावर उघडले. लहान पेटी पूर्ण जोरात लावली की तिच्यातला प्रत्येक घटक आपल्या मर्यादेला भिडतो. व्हॉल्व्ह लहरींचे माथे छाटतो, छोटा ट्रान्सफॉर्मर खालचे स्वर पेलेनासा होतो, स्पीकरचा कागद स्वतःच थरथरू लागतो, आणि या साऱ्या अडचणी एकमेकींत मिसळून भरदार, किंचित रडवा असा स्वर तयार होतो. शंभर वॅटच्या पेटीतून असा स्वर काढायचा तर खिडक्यांच्या काचा हादरतील. पाच वॅटच्या पेटीतून तो ध्वनिमुद्रणाच्या खोलीत सुखाने काढता येतो. १९७० मध्ये मायामी येथे 'लायला'चे मुद्रण झाले तेव्हा एरिक क्लॅप्टन आणि डुएन ऑलमन यांच्यापुढे होत्या त्या फेंडरच्या अशाच छोट्या पेट्या. विद्यार्थ्याने टाकून द्यायची वस्तू उस्तादाने उचलली होती.

याचा अर्थ सुधारणा नेहमीच व्यर्थ, असा मात्र घेता येत नाही. रँडॉल स्मिथची कथा त्याच्या नेमकी विरुद्ध आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या या तरुणाने थट्टा म्हणून एका वादकाचा बारा वॅटचा फेंडर 'प्रिन्स्टन' आतून पालटून टाकला. मोठ्या 'बासमन'चे ट्रान्सफॉर्मर त्यात बसवले, दहा इंची स्पीकरच्या जागी जेबीएलचा दमदार बारा इंची स्पीकर कसाबसा कोंबला. बाहेरून पेटी होती तशीच. ती दुकानात वाजवून पाहणाऱ्यांत कार्लोस सँटाना होता, आणि त्याने उत्स्फूर्तपणे काढलेल्या उद्गारातूनच 'बूगी' हे नाव आले. स्मिथने अशा अनेक पेट्या पालटल्या आणि त्यातून 'मेसा बूगी' ही कंपनी उभी राहिली. परंतु इथेही बारकाईने पाहावे. स्मिथने प्रिन्स्टन सुधारला असे म्हणणे सैलपणाचे होईल. त्याने प्रिन्स्टनच्या कवचात दुसरेच वाद्य वसवले. मूळ पेटीतले फारच थोडे त्यात शिल्लक होते.

त्याआधी, १९६२ च्या सुमारास, लंडनच्या हॅनवेल भागातील जिम मार्शल या दुकानदाराने असेच काहीसे केले होते. आयात फेंडर पेट्या महाग पडत, म्हणून केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांच्या साहाय्याने त्याने 'बासमन'चीच मांडणी उतरवून घेतली. इंग्लंडमध्ये मिळतील ते ट्रान्सफॉर्मर, मिळतील ते व्हॉल्व्ह आणि सेलेस्टियनचे स्पीकर घातले. नक्कल करायला बसला आणि दुसराच आवाज घेऊन उठला. भाषांतराच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. वाक्यरचना तीच ठेवून शब्द दुसऱ्या मुलुखातले घातले की मजकूर कोणत्या दिशेला कलेल हे भाषांतरकाराच्याही हाती राहत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चीनमध्ये तयार झालेल्या अतिस्वस्त व्हॉल्व्ह पेट्या बाजारात आल्या आणि घरच्या घरी डाख देऊन पेटी सुधारण्याची एक लाटच उसळली. तिच्या केंद्रस्थानी होता एपिफोनचा 'व्हॉल्व्ह ज्युनियर' : पाच वॅट, दोन व्हॉल्व्ह, एक बटण, किंमत शंभर-सव्वाशे डॉलरच्या घरात. त्याच्या पहिल्या आवृत्त्यांत घूंऽऽ असा सततचा आवाज येई, कारण व्हॉल्व्हची तार तापवण्यासाठी सरळ प्रत्यावर्ती वीज दिली होती. नंतरच्या आवृत्तीत कंपनीनेच ते बदलले. ही दुरुस्ती ज्यांनी आधी स्वतः केली त्यांचे श्रम सार्थकी लागले, यात शंका नाही. पण याच पेटीसाठी तिच्या स्वतःच्या किमतीहून महाग ट्रान्सफॉर्मरचे संच विकले जाऊ लागले, तेव्हा मात्र प्रकरण हौसेच्या प्रांतात शिरले.

त्याहून उद्बोधक उदाहरण फेंडरच्याच पुनरावृत्तीचे आहे. २००७ च्या सुमारास कंपनीने 'चॅम्पियन ६००' हे जुने नाव आणि जुने दोनरंगी रूप पुन्हा बाजारात आणले. आतली मांडणी मात्र जुनी नव्हती. वीज पालटणारा व्हॉल्व्ह जाऊन तिथे डायोड आले होते आणि सूर घडवणारा एक जादा टप्पा कायमचा बसवलेला होता. घेणाऱ्यांनी काय केले? अनेकांनी हा टप्पाच काढून टाकला. त्यांच्या लेखी ती सुधारणा होती. पाठचिकित्सेच्या भाषेत बोलायचे तर तो प्रक्षेप वगळून मूळ पाठाकडे जाण्याचा प्रयत्न होता. दोन-चार आण्यांच्या सुट्या भागांत, एका संध्याकाळी होणारे हे काम मला या सर्व प्रकारांत सर्वांत समजूतदार वाटते.

पैशाचा हिशेब तसा रुक्ष आहे, पण टाळता येत नाही. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, आणि कानाला 'दुप्पट' वाटण्यासाठी सुमारे दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट शक्ती. उलट, तीन डेसिबलने अधिक संवेदनशील स्पीकर लावला तर तेवढीच वाढ आतल्या एकाही तारेला हात न लावता मिळते. शिवाय सहा इंची स्पीकर आणि चिमुकली पेटी यांतून खर्ज निघणे अवघडच. म्हणून पहिला रुपया स्पीकरवर खर्चावा. ओहमचा मेळ सांभाळून बाहेरची बारा इंची पेटी जोडून पाहता आली तर उत्तमच, कारण न आवडल्यास ती काढता येते आणि पुढच्या अ‍ॅम्प्लिफायरलाही उपयोगी पडते. संगणकीय प्रणालीवर चालणाऱ्या हल्लीच्या स्वस्त पेट्यांना हे फारसे लागू नाही. त्यांचा स्वर आज्ञावलीत असतो, तिथे सुटे भाग बदलून हाती काही लागत नाही.

व्हॉल्व्ह बदलण्यावर जेवढे लिहिले जाते तेवढा फरक बहुधा ऐकू येत नाही, हे माझे मत अनेकांना रुचणार नाही. खरा प्रश्न आहे तो व्हॉल्व्ह मिळण्याचा. ट्रान्झिस्टरने बाजार जिंकल्यावर पश्चिमेतले मोठे कारखाने एकेक करून बंद पडले. आपल्याकडेही बंगळूरला भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी ईएल८४ आणि ईसीसी८३ यांसारखे व्हॉल्व्ह बनवले. पुढे जगाचा पुरवठा मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन यांच्यावर येऊन ठेपला. मार्च २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाने निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा सारातोव्हच्या कारखान्यातला माल काही काळ अडकला आणि गिटारवाल्यांनी दुकाने रिकामी केली. पाच वॅटच्या पेटीचा धागा असा युद्धापर्यंत पोहोचतो.

जुन्या चॅम्पच्या मालकाची अडचण याच्या उलट आहे. त्याने काही बदलले की पेटीची किंमत उतरते. संग्राहक मूळ कंडेन्सर, मूळ स्पीकर, इतकेच नव्हे तर न उकललेले मूळ डाखही तपासतात. पन्नास-साठ वर्षांचे कंडेन्सर वाळलेले असतात आणि ते बदलल्याशिवाय पेटी धड वाजत नाही, हेही त्यांना ठाऊक असते.

एका बदलाबद्दल मात्र वाद संभवत नाही. त्या काळच्या अमेरिकन पेट्यांना अर्थिंग नव्हते. दोन तारांची दोरी, आणि अनेक नमुन्यांत विजेच्या तारेपासून पत्र्याच्या सांगाड्याला जोडलेला एक कंडेन्सर. तो बिघडला तर गिटारच्या तारांतून वाजवणाऱ्याच्या बोटांपर्यंत वीज येते. आत तीनशे व्होल्टहून अधिक दाब असतो, आणि दोरी काढून ठेवल्यावरही कंडेन्सरात तो बराच वेळ टिकून राहतो. म्हणून हे काम जाणकारानेच करावे. तो कंडेन्सर काढून तीन तारांची दोरी बसवणे हा बदल कर्मठ संग्राहकही मान्य करतात. काही जण मूळ दोरी गुंडाळून पेटीच्या पाठीमागे जपून ठेवतात.