आठ आण्यांचं कुत्रं

थंड हवेच्या ठिकाणी माणूस हवा खायला जातो आणि तिथली कुत्री त्याची भजी खायला येतात. सीझनमध्ये एकेका कुत्र्याला पन्नास यजमान. पावसाळ्यात हॉटेलं मिटली की एकही नाही! मग उपाशी टोळ्या अंगावर येऊ लागतात आणि गावकरी ओरडतात, ‘एकदाचा निकाल लावा यांचा!’

असा निकाल मुंबईत इंग्रजांनी लावून पाहिला होता. १८३२ साली दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस! आता आठ आणे म्हटल्यावर भटकं कोण नि पाळलेलं कोण, हे शिपाई कशाला विचारतोय? घरात शिरून कुत्री मारणं सुरू झालं. पारशांच्या अंत्यविधीत तर मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी लागते. ६ जूनला पारशी मंडळी शिपायांवर तुटून पडली. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद आणि कुलाब्याच्या पलटणीचा शिधा अडलेला. भुकेल्या कुत्र्याचं दुःख साहेबाला तेव्हा कळलं असावं. पुढे १८३४मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांनी पांजरपोळ काढली.

अर्थात, चावलेल्या पोराच्या आईला हा इतिहास सांगू नये. तिला आधी लस हवी. २०२३चे नियम म्हणतात : पकडा, नसबंदी करा, लस टोचा, होतं तिथंच सोडा. ठीक. पण ‘तिथं’ उकिरडा आहेच, आणि त्यावर भजी टाकणारे आपणही. आपल्याला कोण पकडणार?