बांबूची चांदणी

गडचिरोली जिल्ह्याच्या नकाशांत चामोर्शी, अहेरी आणि एटापल्ली या नांवांच्या मधोमध मुलचेरा हें नांव सांपडतें. हा मुलूख एके काळीं चांद्याच्या गोंड राजांचा. १७५१ पासून नागपूरकर भोसल्यांचा आणि १८५४ पासून इंग्रजांचा. गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला तो अगदीं अलीकडे, २६ ऑगस्ट १९८२ रोजीं. साग आणि बांबू यांनीं व्यापलेल्या या प्रदेशांत गोंड, माडिया, तेलुगु बोलणारे, मराठी बोलणारे आणि १९६० नंतरच्या दशकांत पूर्व बंगालमधून येऊन वसलेले निर्वासित एकमेकांच्या शेजारीं राहतात. ख्रिस्ती वस्ती फारच विरळ. अशा मुलखांत नाताळच्या किंवा ईस्टरच्या उपासनेसाठीं मंदिर सजवावयाचें तें कशानें, आणि त्यासाठीं पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न वाचकांस किरकोळ वाटेल. आम्हांस तो तसा वाटत नाहीं. देवाच्या दारावर काय बांधावें यावर ख्रिस्ती विद्वानांनीं अठराशें वर्षें वाद घातला आहे. आणि तें बांधावयाचें साहित्य कोणीं व कोठून तोडावें याविषयींचे कायदे याच अरण्यास जन्मभर जाचले आहेत.

प्रथम जुन्या वादाकडे वळूं. इसवी सन २०० च्या सुमारास कार्थेज येथील टर्टुलियन यानें मोठ्या त्राग्यानें लिहून ठेवलें आहे कीं, सणाच्या दिवशीं मूर्तिपूजकांच्या दारांपेक्षां ख्रिस्त्यांच्याच दारांवर दिवे आणि लॉरेलच्या माळा अधिक दिसतात. म्हणजे धर्म बदलला तरी तोरण बदललें नव्हतें. पुढें दोनशें वर्षांनीं, ३९६ च्या सुमारास, संत जेरोम यानें एका अकालीं निवर्तलेल्या तरुण पाद्र्याचें कौतुक करितांना नेमकी हीच गोष्ट गुण म्हणून सांगितली. नेपोशियन असें त्याचें नांव. तो वेदी स्वच्छ ठेवी, भिंतींवर काजळी सांचूं देत नसे, जमीन झाडून घेई, आणि नाना प्रकारचीं फुलें, झाडांचे डहाळे व द्राक्षवेलींची पालवी आणून मंदिर शृंगारी. या यादींत विकत घ्यावी लागेल अशी एकही वस्तु नाहीं! आमच्या मतें काटकसरीच्या मंदिर-सजावटीचें याहून जुनें आणि याहून गोड वर्णन मिळणें कठीण.

६०१ सालीं पोप ग्रेगरी यानें इंग्लंडांत निघालेल्या मेलिटस यास जें पत्र धाडलें, त्यांतही हाच समंजसपणा आहे. तेथील लोकांचीं देवळें पाडूं नका. त्यांचीं चर्चें करा आणि सणाच्या दिवशीं लोकांनीं त्यांभोंवतीं झाडांच्या फांद्यांचे मांडव घालावे, असें तो सांगतो. मांडवाची संवय असलेल्या जनतेस मांडव नाकारण्यांत शहाणपण नाहीं हें त्यानें ओळखलें. हें शहाणपण सर्वांस लाभलें असें मात्र नव्हे. इंग्लंडांतच १६४७ सालीं प्युरिटन पार्लमेंटानें नाताळचा सण रद्द केला. आमच्या शेजारीं गोमंतकांत इन्क्विझिशनच्या १७३६ च्या फर्मानानें नव-ख्रिस्त्यांस घरीं तुळस लावण्याची आणि लग्नांत विडे व फुलें वाटण्याची बंदी केली. फुलाचा धर्म कोणता, असा प्रश्न राजसत्तेनें विचारावा हें विलक्षण होय. तरीही त्याच गोमंतकांत आणि उत्तरेस वसईंत नाताळच्या सुमारास बांबूच्या कामट्यांची, कागद चिकटविलेली चांदणी घराघरावर चढते, आणि ती दिवाळीच्या आकाशकंदिलाची सख्खी बहीण आहे हें कोणाही पाहणाऱ्याच्या सहज ध्यानांत येतें. वसईचे ख्रिस्ती लोक चर्चला 'देऊळ' म्हणतात, तसेंच हें. फर्मानें कपाटांत राहिलीं, कामट्या हातांत राहिल्या.

चांद्याच्या बाजूस ख्रिस्ती मिशन आलें तें मात्र गोमंतकाच्या वाटेनें नव्हे, स्कॉटलंडच्या वाटेनें. स्टीफन हिस्लॉप हे १८४४ च्या अखेरीस या देशीं येऊन नागपुरास राहिले. त्यांनीं गोंडांच्या भाषा व चालीरीती यांची जी टिपणें केलीं तीं त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ त प्रसिद्ध झालीं आणि आजही अभ्यासकांस उपयोगीं पडतात. पुढें स्कॉटिश एपिस्कोपल चर्चनें चांद्यास ठाणें दिलें. तेथें अनेक वर्षें राबलेले अलेक्झांडर वुड हे १९२६ मध्यें नागपूरचे बिशप झाले. त्यांच्या आधींचे बिशप आयर चॅटर्टन यांचा गोंडवनावरील इंग्रजी ग्रंथ १९१६ चा आहे.

या मंडळींच्या मायदेशीं त्या वेळीं चर्चच्या शृंगाराचें एक शास्त्रच बनलें होतें. एडवर्ड कट्स या पाद्र्यानें १८५९ त नाताळच्या सजावटीवर स्वतंत्र निबंध छापला. अर्नेस्ट गेल्डार्ट याचें त्याच विषयावरील पुस्तक १८८२ चें. हॉली आणि आयव्ही यांच्या माळा कशा गुंफाव्या, पुठ्ठ्याचीं अक्षरें कापून त्यांवर तांदुळाचे दाणे डकवले म्हणजे तीं हस्तिदंती कशीं दिसतात, खिडकीच्या कठड्यावर कापूस पसरून बर्फाचा भास कसा करावा, अशा युक्त्या तत्कालीन गृहोपयोगी पुस्तकांतून भरलेल्या असत. युक्ती म्हणून त्या चांगल्या आहेत. तांदुळाची युक्ति तर आमच्या गृहिणींस चटकन् पटेल. पण कापसाच्या बर्फाचें काय? ज्या विदर्भाचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांस जात होता, त्याच विदर्भांत त्या कापसाचें बर्फ करून गोठ्याच्या छपरावर पसरावयाचें, आणि तेंही अशा ठिकाणीं जेथें कोणीं बर्फ पाहिलें नाहीं! बेथलेहेमचा गोठा संत फ्रान्सिसनें १२२३ सालीं इटलींतील ग्रेच्चो गांवीं प्रथम मांडला तेव्हां त्यानें गवत, बैल आणि गाढव एवढेंच आणविलें होतें. त्या हिशेबानें मुलचेऱ्याच्या कोणत्याही शेतकऱ्याचा गोठा बर्फ न टाकतां अधिक खरा आहे.

आतां चांदणीकडे येऊं. हातानें करावयाच्या सर्व शृंगारांत ती आम्हांस श्रेष्ठ वाटते, कारण तींत थोडी भूमितीही आहे. जर्मनींतील मोरेव्हियन पंथाच्या नीस्की येथील शाळेंत १८३० नंतरच्या दशकांत मुलांस घनाकृति समजाव्या म्हणून कागदाच्या बहुकोनी चांदण्या करावयास लावीत; त्यांतूनच पुढें नाताळची प्रसिद्ध मोरेव्हियन चांदणी निघाली. गणिताच्या शिक्षकानें उत्सवास दिलेली देणगी म्हणून तिचा उल्लेख करावासा वाटतो. आपल्याकडील चांदणी याहून साधी. सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्यावयाच्या. पांच कामट्या एकीखालून एक, एकीवरून एक अशा गुंतवून टोंकें दोऱ्यानें बांधलीं कीं पंचकोनी तारा होतो. असे दोन करावयाचे. दोहोंचीं पांचही टोंकें एकत्र बांधून आंतल्या पांच छेदांच्या ठिकाणीं बोटभर लांबीच्या पांच आडव्या कामट्या मध्यें ठोकल्या कीं दोन्ही तारे पोट फुगवून उभे राहतात. मग वर पतंगी कागद. कागद डकविण्यास गव्हाच्या पिठाची खळ पुरते; किडे लागूं नयेत म्हणून पुस्तकें बांधणारे तींत चिमूटभर मोरचूद घालतात, तशी घालावी. मात्र मोरचूद विषारी असल्यानें लहान मुलांच्या हातीं ती खळ देऊं नये. एक कोन उघडा ठेवून आंत दिवा. उत्सव संपल्यावर कागद फाडून टाकावा आणि सांगाडा माळ्यावर ठेवावा. पुढल्या वर्षीं खर्च केवळ कागदाचा.

या कामांतील अवघड भाग बांधण्याचा नसून कामटी काढण्याचा आहे. मुलचेऱ्याकडील रानांत मानवेल आणि कटांग असे दोन्ही बांबू होतात. कटांग कांटेरी आणि पोकळ. मानवेल जाड भिंतीचा, केव्हां केव्हां जवळ जवळ भरीव. बांबू ओला असतांना फाडावा लागतो, वाळल्यावर तो तडकतो. कोयत्याची धार पेऱ्यावर आली कीं हात किंचित् वळवावा लागतो. तो वळविला नाहीं तर कामटी एका बाजूस जाड आणि दुसरीकडे पातळ निघते व तारा वांकडा होतो. हें बुरुडाच्या हातास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. सूप, टोपली, डाली, कणगी करणारा हा कारागीर कोणत्याही धर्माच्या उत्सवास उपरा नाहीं. लग्नाचें सूप त्याचें, दिवाळीच्या कंदिलाची कामटी त्याची, आणि नाताळच्या चांदणीचीही त्याचीच. चर्चच्या हिशेबवहींत 'चांदणी' या नांवाखालीं जो अल्प आंकडा पडतो, त्याचें अल्पत्व बुरुडाच्या कसबावर आणि रानांतल्या बांबूवर उभें आहे.

आणि येथेंच खरी मेख आहे. वनस्पतिशास्त्र बांबूस गवत म्हणतें. १९२७ च्या भारतीय वन कायद्यानें त्यास 'वृक्ष' या शब्दाच्या व्याख्येंत घातलें. शब्दकोशांतला हा फेरफार निरुपद्रवी नव्हता. झाड तोडणें आणि गवत कापणें यांत कायद्याच्या दृष्टीनें जमीन-अस्मानाचा फरक आहे. बल्लारपूरची कागदाची गिरणी १९४५ त स्थापन झाली आणि पुढें आष्टीसही गिरणी उभी राहिली. सरकारी जंगलांतील बांबू करारानें गिरणीकडे जाऊं लागला, आणि ज्याच्या दाराशीं तो उगवतो त्यास मात्र बांबूसाठीं वनखात्याकडे पाहावें लागे. त्याच रानाच्या बांबूचा लगदा होऊन जो कागद निघे तो दुकानांत मिळे. कामटीसाठीं लागणारा बांबू मागावा लागे. २००६ च्या वनहक्क कायद्यानें बांबूस गौण वनोपज मानलें. याच जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गोंड गांवास २००९ त आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजीं तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितींत बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातीं आला. वनाबाहेरील जमिनींत लावलेला बांबू 'वृक्ष' राहिला नाहीं तो २०१७ च्या दुरुस्तीनें. म्हणजे नव्वद वर्षांनीं.

उत्सवाच्या खर्चाचा विचार करणारे चर्चमधील पंच हें सर्व लक्षांत घेतात काय? बाजारांत हल्लीं प्लॅस्टिकची तयार चांदणी विजेच्या माळेसह मिळते, आणि ती पुष्कळदां हाताच्या चांदणीहून स्वस्त पडते. तेव्हां काटकसर एवढाच निकष धरला तर बुरूड हरला हें आम्ही मोकळेपणीं सांगतों. परंतु वर्षांतून दोनचारदां मंदिरासाठीं, मांडवासाठीं कामट्या मागविणारें गिऱ्हाईकही नाहींसें झालें, तर ग्रामसभेस मिळालेल्या हक्कांतून त्याच्या पदरीं काय पडणार? बांबू पुन्हां ट्रकांतच भरला जाईल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेविषयीं जो ठराव संमत केला, त्यांत पवित्र कलेनें निव्वळ उंची थाटाऐवजीं उदात्त सौंदर्य साधावें, असा अभिप्राय दिला आहे. भारतांतील कॅथलिक चर्चला १९६९ मध्यें उपासनेंत तेलाचे दिवे, आरती आणि जमिनीवर बसणें यांची मोकळीक मिळाली. नारायण वामन टिळकांनीं त्याआधीं अर्धशतक भजन-कीर्तनाच्या द्वारें हेंच सांगितलें होतें. बुरुडाची चांदणी या वाटेवरची आहे.

बंगाली शेजाऱ्यांकडूनही एक धडा घेण्याजोगा आहे. बंगालमध्यें दुर्गेच्या मूर्तीस 'डाकेर साज' चढवितात. त्या नांवांतील डाक म्हणजे टपाल, कारण त्या शृंगाराचा चंदेरी पत्रा एके काळीं जर्मनीहून टपालानें येई. पण त्याच बंगालमध्यें दलदलींत उगवणाऱ्या शोल्याच्या पांढऱ्या गाभ्यांतून मालाकार लोक असा मुकुट कोरतात कीं परदेशी पत्रा त्यापुढें फिका पडावा.

चांद्याच्या या भागांत १९६२ पासून केरळीय सिरो-मलबार पंथाचें काम चालूं झालें, आणि १९७७ मध्यें चांदा हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याचें पीठ बल्लारपुरास आहे. केरळांत चर्चच्या सणांस माडाच्या कोंवळ्या पिवळ्या झावळ्यांचीं तोरणें करितात, आणि झावळ्यांच्या रविवारीं तीच पानें हातांत धरितात. मुलचेऱ्याकडे माड नाहीं, शिंदी आहे. शिंदीची लोकांत प्रतिष्ठा नाहीं. तिची ताडी पितात, पानांचे झाडू आणि चटया करितात. परंतु या प्रांतांत अनेक जातींच्या लग्नांत नवरदेवाच्या कपाळीं शिंदीच्याच पानांचें बाशिंग बांधण्याची रीत आहे, हें विसरतां कामा नये. शिवाय यरुशलेमच्या रस्त्यावर लोकांनीं ज्या झावळ्या हातीं घेतल्या त्या खजुराच्या; शिंदी ही खजुराच्याच वंशांतली, माड त्याच कुळांतल्या दुसऱ्या वंशांतला. मुंबईच्या श्रीमंत चर्चांत माडाची झावळी मिरवते, पण नात्यानें जवळची आहे ती ओढ्याकांठची शिंदी. तिचें पान दुमडून क्रूस करणें लहान मुलासही साधतें. ते क्रूस वर्षभर घरांत वाळत राहतात, आणि पुढल्या वर्षीं उपासकाळाच्या तोंडावर जाळून त्यांची राख भक्तांच्या कपाळीं लावितात. इतरत्र बुधवारीं, आणि सिरो-मलबार रीतीप्रमाणें सोमवारीं.