गर्भाशयाच्या नावानं शिमगा

ख्रिस्तपूर्व चौथं शतक, ग्रीस. खोलीत जळक्या शिंगाचा वास इतका कोंदलाय की तुमचे डोळे चुरचुरतात. खाटेवरच्या बाईचा श्वास अडकलाय, दातखीळ बसलीय. वैद्य दिव्याची नुकती विझवलेली वात तिच्या नाकाशी धरतो. खालून मात्र सुगंधी धुरी. असं का, ते विचारा. तो सांगेल, गर्भाशय जागा सोडून वर चढलंय. वर घाण वास, खाली सुवास, म्हणजे ते मुकाट खाली उतरेल. आणि कायमचा उपाय? लग्न आणि मूल. (हसू नका. ‘लग्न करून द्या, ताळ्यावर येईल’ हे तुम्हीही ऐकलंय.) ग्रीकमध्ये गर्भाशय म्हणजे ‘हिस्टेरा’. त्यावरून ‘हिस्टेरिया’ हे आजाराचं नाव पडायला अजून शतकं जायचीत.

ती ओलांडून 1880च्या दशकातल्या पॅरिसला या. सालपेत्रिएर रुग्णालय. दाढीवाल्या पुरुषांच्या गर्दीत एक खुर्ची पकडा. प्राध्यापक शार्को ठासून सांगतायत की हा आजार मज्जासंस्थेचा आहे, पुरुषांनाही होतो. शेजारी त्यांची रुग्ण ब्लांश विटमन सहायकाच्या हातावर कलंडलीय. आता मागे वळून बघा: भिंतीवर हिस्टेरियाच्या झटक्यात कमानीसारख्या वाकलेल्या बाईचं मोठं चित्र आहे. ते ब्लांशच्या अगदी नजरेसमोर. झटका कसा यायला हवा हे तिला भिंतच शिकवत असेल, असं माझं मत. चित्रकार ब्रुइये यांनी 1887 मध्ये हा वर्ग रंगवला, त्या भिंतीसकट.

शार्कोंकडे शिकून गेलेला एक तरुण तुम्हाला 15 ऑक्टोबर 1886 रोजी व्हिएन्नात भेटेल. वैद्यांच्या सभेत तो पुरुषांमधल्या हिस्टेरियावर बोलतोय. नाव सिग्मंड फ्रॉइड. पुढे आत्मकथनात त्यानं लिहिलं की एका वृद्ध शल्यविशारदानं त्याला अडवलं: अहो, शब्दाचा अर्थच गर्भाशय, मग पुरुषाला कसा होईल?

आता 1915, पहिलं महायुद्ध. इस्पितळात धडधाकट सैनिक थरथरतायत, कुणाची वाचा गेलीय, कुणाची दृष्टी. अंगावर जखम नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉक्टर चार्ल्स मायर्स याला ‘शेल शॉक’ म्हणतात. पुरुषांच्या वेळी दोष अवयवाचा नाही, तोफगोळ्याचा! पण जरा खाटांवरच्या चिठ्ठ्या वाचत फिरा. अधिकाऱ्यांच्या चिठ्ठीवर बहुधा ‘न्यूरास्थेनिया’, म्हणजे शिणलेल्या नसा. ‘हिस्टेरिया’ सापडेल तो साध्या शिपायांच्या.