जठराचा वळसा आणि मधुमेहाचा उतार

शोधनिबंधाच्या शीर्षकात लेखकाने आश्चर्य व्यक्त करण्याची रीत नाही. १९९५ साली ‘अ‍ॅनल्स ऑफ सर्जरी’ या नियतकालिकात वॉल्टर पोरीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र आपल्या लेखाचे शीर्षकच ‘कुणाला वाटलं होतं?’ अशा अर्थाच्या प्रश्नाने सुरू केले. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनामधील ग्रीनव्हिल इथले हे शल्यविशारद. अतिस्थूल रुग्णांचे वजन उतरावे म्हणून ते जठराचा बायपास करत. जठराचा वरचा लहानसा कप्पा वेगळा करायचा आणि लहान आतड्याचा पुढचा भाग त्याला थेट जोडायचा. अन्न मग उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून पुढे जाते.

चौदा वर्षांत अशा ६०८ शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या १४६ जणांना प्रौढ वयातला मधुमेह होता, आणि १२१ जणांची साखर प्रमाणात येऊन तशीच टिकली. शस्त्रक्रियेच्या सुमारास दगावणाऱ्यांचे प्रमाण दीड टक्का होते, हेही त्यांनी लपवले नाही. खरी चक्रावणारी गोष्ट वेगळीच होती. साखर उतरायची ती काही दिवसांत, वजनाचा काटा फारसा हललेला नसताना.

मी डॉक्टर नाही. जुनी वैद्यकीय नियतकालिके वाचण्याचा नाद तेवढा आहे. त्या नादातून मला पडलेला प्रश्न असा, की १९९५ मध्ये एवढे आश्चर्य वाटायला हवे होते का? १९५५ सालीच फ्रीडमन, सॅन्सेटा आणि मॅगोव्हर्न यांनी जठराचा बराचसा भाग काढल्यावर मधुमेह सौम्य झाल्याची नोंद छापली होती. त्याआधी, १९०६ मध्ये, लिव्हरपूलला बेंजामिन मूर आणि सहकाऱ्यांनी आतड्याच्या अस्तराचा अर्क मधुमेहींना देऊन पाहिला होता. पुढे १९२१-२२ मध्ये टोरांटोत इन्शुलिन हाती लागले. त्याने असंख्य जीव वाचवले, पण सगळ्यांची नजर स्वादुपिंडावर खिळली ती कायमचीच. आतडे शल्यविशारदांच्या खात्यात गेले, साखर फिजिशियनांच्या. दोन खाती एकमेकांचे कागद वाचत नाहीत, हा अनुभव आपल्याकडच्या कचेऱ्यांतही काही नवा नाही.

ग्रीनव्हिलच्याच गटाचा १९९७ चा लेख मला जास्त अस्वस्थ करतो. शस्त्रक्रिया झालेल्या १५४ मधुमेहींची तुलना त्यात ७८ जणांशी केली आहे. या ७८ जणांची शस्त्रक्रिया झाली नाही ती कुणाच्या स्वतःच्या नकारामुळे, तर कुणाच्या विमा कंपनीने पैसे नाकारल्यामुळे. पाठपुराव्याच्या काळात पहिल्या गटातले ९ टक्के मरण पावले, दुसऱ्यातले २८ टक्के. चिठ्ठ्या टाकून पाडलेले हे गट नव्हेत, त्यामुळे सगळा फरक शस्त्रक्रियेच्या पदरात टाकता येत नाही. तरीही विम्याच्या नकारपत्रांचा एवढा हिशेब क्वचितच कुठे छापलेला सापडतो.

२००४ मध्ये फ्रान्चेस्को रुबिनो यांनी स्ट्रासबर्गला मधुमेही, पण लठ्ठ नसलेल्या उंदरांवर आतड्याचा असाच वळसा करून पाहिला. साखर सुधारली. म्हणजे केवळ कमी खाणे आणि वजन घटणे एवढ्याने उलगडा होत नव्हता; आतड्यातून सुटणारी संप्रेरके चर्चेच्या मध्यभागी आली.

इथे पुण्याचा संबंध येतो. त्याच २००४ मध्ये के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच छायाचित्रे शेजारी शेजारी छापली. दोघांचा बीएमआय २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. भारतीय माणूस काट्यावर सडपातळ दिसूनही आतून मेदस्वी असू शकतो. २०१६ मध्ये ४५ वैद्यकीय संघटनांनी या शस्त्रक्रियेला मधुमेहाचा उपचार म्हणून मान्यता दिली. औषधांनी साखर आटोक्यात येत नसेल तर बीएमआय ३० पासून तिचा विचार करावा असे ठरले, आणि आशियाई लोकांसाठी ती रेषा २७.५ वर आणली गेली.

मराठीत काही जण याला ‘मधुमेहमुक्ती’ म्हणतात. मला ‘उतार’ हा शब्द जवळचा वाटतो, ताप उतरतो तसा. स्वीडनमधल्या दीर्घ पाहणीत शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेहींना असा उतार पडलेला होता. पंधरा वर्षांनी तो ३० टक्क्यांतच उरला होता; शस्त्रक्रिया न झालेल्यांत ६.५ टक्के.