आवाज न करता तुटणारा पट्टा

मागच्या भागात आपण लष्करातल्या शक्तिमान ट्रकविषयी बोललो. आजचा विषय त्या मानानं अगदी लहान आहे. बोटभर रुंदीचा एक दातेरी रबरी पट्टा, ज्याला आपण सगळे टायमिंग बेल्ट म्हणतो. पण या पट्ट्याच्या इतिहासात आपल्या, म्हणजे गाडी चालवणाऱ्यांच्या, सवयींचाही इतिहास आहे. आणि ती सवय बदलली नाही म्हणून मी स्वतः एकदा चांगला धडा शिकलो, तो आधी सांगतो.

२०१७ सालचा मे महिना. निवृत्तीनंतर आम्ही बनारसला, दुर्गाघाटावरच्या जुन्या घरी परतलो होतो. आमच्यासारखी मराठी घरं इथं पिढ्यानपिढ्या आहेत. मी दिल्लीहून एक जुनी डिझेल गाडी घेतली होती. मीटरवर आकडा होता अठ्ठावन्न हजार. एका लग्नासाठी अलाहाबादला निघालो. तेव्हा शहराचं नाव तेच होतं. औराई मागे टाकून गोपीगंजकडे जाताना, ताशी सत्तरच्या वेगात, इंजिन एकदम बंद पडलं. ना खडखड, ना धूर. स्टिअरिंग जड झालं, ब्रेकचं पेडल दोन-तीनदा दाबल्यावर दगडासारखं झालं आणि मागे वाळूनं भरलेला ट्रक. पत्नी एवढंच म्हणाली, "अहो, आधी बाजूला घ्या." कशीबशी घेतली.

मग मी चूक केली. पुन्हा किल्ली फिरवली. स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरला. बिनदाण्याचं जातं फिरावं तसा. गोपीगंजच्या मिस्त्रीनं तो आवाज ऐकला आणि बॉनेट न उघडताच सांगितलं, "बेल्ट गया साहब. अब हेड खुलेगा." हेड उघडलं तेव्हा आठपैकी सहा व्हॉल्व्ह वाकलेले. जो पट्टा वेळेवर बदलायला दोन-चार हजार लागले असते, त्याच्यापायी पस्तीस हजारांचं बिल झालं. सगळा जन्म आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, गाड्यांच्या ताफ्यात काढलेला माणूस मी! मान खाली घालायचीच वेळ होती.

आता हे झालं कसं, ते समजून घेऊ. इंजिनात खाली क्रँकशाफ्ट फिरतो, तो पिस्टन वरखाली करतो. वर कॅमशाफ्ट असतो, तो व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा व्हायलाच हवा. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी चालत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि पिस्टन सेकंदाला ५० वेळा वर येतो. हा मेळ राखण्याचं काम टायमिंग बेल्ट करतो.

इचलकरंजीची किंवा इथल्या मदनपुऱ्याची विणकर मंडळी हे लगेच ओळखतील. माग चालतो तेव्हा ताण्याचे धागे वरखाली उघडतात आणि त्या फटीतून धोटा जातो. धोटा निघाला आणि धागे वेळेवर उघडले नाहीत, तर एका फटक्यात शेकडो धागे तुटतात. ज्या इंजिनात उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेवर हक्क सांगतात, त्याला इंटरफिअरन्स इंजिन म्हणतात. पट्टा शाबूत असेपर्यंत दोघं पाळीपाळीनं त्या जागेत येतात. पट्टा तुटला की कॅम आहे त्या जागी थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडे राहतात आणि गाडीच्या वेगानं फिरत असलेला पिस्टन त्यांच्यावर आदळतो.

सगळी इंजिनं अशी नसतात. काहींत एवढी मोकळी जागा असते, की पट्टा तुटला तरी फक्त गाडी थांबते. नवा पट्टा घाला आणि चालू लागा. पण डिझेलमध्ये ही चैन नाही. तिथं हवा वीसेक पट दाबावी लागते, त्यामुळे पिस्टन वर आला की त्याच्या आणि हेडच्या मध्ये जेमतेम एखाद्या मिलिमीटरची जागा उरते. पट्ट्यावर चालणारं डिझेल इंजिन म्हणजे इंटरफिअरन्स, असंच धरून चाला.

आता इतिहासाकडे वळू. बनारसला मडुआडीहच्या बाजूला रेल्वे इंजिनांचा कारखाना आहे. १९६१ मध्ये स्थापना, जानेवारी १९६४ मध्ये पहिलं डिझेल इंजिन बाहेर पडलं. आता त्याला बनारस रेल इंजन कारखाना म्हणतात. तिथं अनेक दशकं अमेरिकन अल्को कंपनीच्या आराखड्याची इंजिनं बनली. त्यांत कॅम फिरवायला पोलादी गिअर. जड, महाग, पण भरवशाचे.

मोटारीत मात्र गिअरऐवजी चेन रुळली. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप तर याहून साधी. तिचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या डोक्यावर नसून सिलिंडरच्या बाजूला होते. मेळ चुकला तरी टक्कर होणार कुठून? पुढे आपल्या रस्त्यांवर तीसेक वर्षं दोनच मोटारींचं राज्य होतं. कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला बनणारी अँबेसेडर आणि मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीत बनणारी फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी. दोन्हींत कॅम खाली, इंजिनाच्या पोटात, आणि त्याला आखूड चेन.

त्या चेनचा स्वभाव लक्षात घ्या. ती सहसा एकाएकी तुटत नसे. झिजून सैल होई आणि वाजू लागे. सकाळी गाडी सुरू केली की पुढून खडखड ऐकू येई. मालक म्हणे, "चेन वाजतेय, पुढच्या महिन्यात बघू." आणि ते चालूनही जाई. आमची अख्खी पिढी त्या शाळेत शिकली. इंजिन बोलतं; बोलू लागलं की मिस्त्रीकडे न्यायचं.

तिकडे अमेरिकेत १९४० च्या दशकात एका वेगळ्याच यंत्रासाठी नवा पट्टा तयार झाला. शिलाई मशिनमध्ये वरची सुई आणि खालचा बॉबिन यांचा मेळ नेमका राहावा लागतो. त्यासाठी गिल्मर कंपनीच्या रिचर्ड केस यांनी सिंगर मशिनकरता दातेरी पट्टा बनवला. तो घसरत नाही, त्याला तेल लागत नाही आणि आवाजही नाही. पुढे १९६२ मध्ये बव्हेरियातल्या ग्लास या छोट्या कंपनीनं आपल्या १००४ मोटारीत हाच पट्टा कॅम फिरवायला वापरला. मोठ्या संख्येनं बनलेल्या मोटारींत हा पहिला. १९६६ मध्ये फियाटचे अभियंते ऑरेलिओ लाम्प्रेदी यांनी फियाट १२४ च्या स्पोर्ट मोटारींसाठी दोन कॅमचं इंजिन पट्ट्यावर बसवलं आणि मग युरोप-जपानमध्ये त्याची लाट आली. कारण उघड होतं. कॅम आता हेडमध्ये, वर गेला होता. एवढ्या लांब चेनपेक्षा पट्टा स्वस्त, हलका आणि शांत.

भारतात हा पट्टा घरोघरी नेला मारुती ८०० नं. डिसेंबर १९८३, तीन सिलिंडर, ७९६ सीसी. लोक म्हणायचे, "गाडी चालू आहे की बंद, कळतच नाही." १९९८ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला बनणारी टाटा इंडिका आली आणि पट्ट्यावरचं डिझेल इंजिन मध्यमवर्गाच्या, टॅक्सीवाल्यांच्या हातात पडलं.

इंजिन बदललं, सवय मात्र तीच राहिली. आम्ही आवाजाची वाट बघत बसलो आणि पट्टा तर बोलतच नाही. तो प्लास्टिकच्या झाकणाआड असतो. त्याचं रबर वयानं कडक होतं, आतले काचतंतू थकतात, दात मुळाशी तडकतात. आणि एक दिवस सरळ तुटतो. पोलादी चेनचं दुखणं कानाला कळत होतं. पट्ट्याचं वय फक्त कागदावर कळतं. गाडी स्वस्त आणि शांत झाली त्याच्या बदल्यात यंत्रानं एक काम मालकाकडे सोपवलं, ते म्हणजे नोंद ठेवण्याचं. लष्करात प्रत्येक गाडीची लॉगबुक असते, मेंटेनन्स परेड असते. गाडी चांगली चालतेय म्हणून तिथं काम कुणी टाळत नाही. तारीख आली की करतात. घरच्या गाडीला मी तो नियम लावला नाही, एवढीच माझी चूक.

बनारससारख्या गावात हे आणखी महत्त्वाचं का, त्याचा हिशेब सांगतो. मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० च्या वेगानं, २००० फेऱ्यांवर, तासाभरात इंजिन १,२०,००० फेरे करतं, म्हणजे किलोमीटरला २०००. गोदौलिया ते लहुराबीरच्या गर्दीत ताशी १० चा वेग आणि सरासरी १२०० फेरे धरले, तर किलोमीटरला ७२०० होतात. साडेतीन पटींहून जास्त. मीटरवर २०,००० किलोमीटर दिसतात, पण पट्ट्यानं महामार्गावरच्या ७२,००० इतके फेरे मारलेले असतात. वर मे-जूनचा उन्हाळा आणि धूळ. पुणे, इंदूर, हैदराबादच्या मंडळींनी आपापल्या चौकांचा हिशेब करून बघावा.

दुसरं कारण जुन्या गाड्यांचा प्रवास. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना दिल्लीत बंदी घालणारा हरित लवादाचा आदेश २०१५ मध्ये आला, सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये तो उचलून धरला. त्या काळात अनेक गाड्या ना-हरकत दाखला घेऊन दुसऱ्या राज्यांत स्वस्तात विकल्या गेल्या. गाडी येते, पण तिची वही येत नाही. आणि मीटर मागे फिरवलेला असेल, तर आकड्यालाही अर्थ नाही. माझ्या गाडीतला तुटका पट्टा बघून मिस्त्री म्हणाला, "अठ्ठावन्न हजार? इससे दुगना चला है." मी कागद तपासले होते, रंग तपासला होता. पट्टा कधी बदलला, हे मात्र विचारलंच नव्हतं.

तर लक्षात ठेवायच्या गोष्टी थोड्या आहेत. आपल्या इंजिनात पट्टा आहे की चेन, हे पुस्तिकेत बघा. पट्टा असेल तर कंपनीनं सांगितलेले किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी भरेल तेव्हा बदला. गाडी कमी चालली तरी रबराचं वय थांबत नाही. जुनी गाडी घेतली आणि पट्ट्याची लेखी नोंद नसेल, तर तो आजच बदलायचा आहे असं समजा. सोबत टेन्शनर आणि आयडलरही बदला. त्यांचं बेअरिंग अडकलं तर नवा पट्टाही जातो. वॉटर पंप त्याच पट्ट्यावर फिरत असेल तर तोही. तेलाचं सील गळत असेल तर आधी ते थांबवा, तेलानं रबर खराब होतं. नवा पट्टा बसवल्यावर खुणा जुळवून क्रँक हातानं दोन फेरे फिरवायला सांगा, मगच किल्ली. आणि वाटेत इंजिन असं अचानक बंद पडलं, स्टार्टर हलका फिरला, तर माझ्यासारखी पुन्हा किल्ली मारू नका. उरलेसुरले व्हॉल्व्ह तरी वाचतील.

चेनवाल्यांनी फार निर्धास्त राहू नये. तेल वेळेवर बदललं नाही तर चेनही लवकर सैल होते. फक्त ती अजून बोलते, एवढाच फरक.

माझी ती गाडी आजही दारात आहे. बॉनेटच्या आत एक चिकटपट्टी लावली आहे, तिच्यावर पट्टा बदलल्याची तारीख आणि किलोमीटर, न पुसणाऱ्या शाईनं. उद्या मी ती विकली, तर घेणाऱ्याला निदान विचारायची गरज पडणार नाही. आज संध्याकाळी तुम्हीही बॉनेट उघडून आपल्या गाडीत अशी नोंद आहे का बघा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.