रुमालातला एकच कागद

इतिहासाचे नाव काढले की आपल्यापुढे दफ्तर उभे राहते. पेशवे दफ्तरातले कागद रुमालांत बांधलेले होते. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतले निवडक कागद ४५ खंडांत छापून काढले, तेव्हा कोठे ते गावोगावच्या अभ्यासकांस दिसले. कागद असणे निराळे आणि तो हाती लागणे निराळे.

आज हाच प्रश्न पावसाच्या दफ्तराचा आहे. आम्हां वऱ्हाडकरांची कपाशी नि तूर आभाळाकडे पाहून पिकते. १८७५ साली स्थापन झालेल्या हवामान खात्याच्या पुण्याच्या कचेरीने १९०१ पासूनच्या रोजच्या पावसाचे कोष्टक केले आहे. त्यासाठी नकाशावर पाव अंशाचे चौकोन पाडले. आडवे १३५ आणि उभे १२९, म्हणजे एकूण १७,४१५. दर दिवशी दर चौकोनास एक आकडा. १२० वर्षांचा हा ऐवज सुमारे तीन गिगाबाइट भरतो. अकोल्याच्या एका चौकोनाचे सारे आकडे मात्र जेमतेम पावणेदोनशे किलोबाइट! पण फाइली वर्षावार बांधलेल्या. म्हणून एका चौकोनासाठी सगळे रुमाल घरी वाहून आणावे लागतात.

यावर तोड काय? १९९० च्या सुमारास रूढ होऊ लागलेल्या एचडीएफ, नेटसीडीएफ या बांधणीच्या रीती घरच्या संगणकासाठी होत्या. तेथे पाने उलटण्यास वेळ लागत नसे. २००६ साली अॅमेझॉनने 'एस-थ्री' हे भाड्याचे कोठार उघडले आणि दफ्तर दूर गेले. आता प्रत्येक विचारणा म्हणजे एक खेप. अनुक्रमणिका फाइलभर विखुरली असेल, तर ती जुळवण्यातच शेकडो खेपा पडतात. म्हणून अनुक्रमणिका एके ठिकाणी आणावयाची, आकड्यांचे बेताचे गठ्ठे करावयाचे आणि 'अमुक बाइटपासून तमुक बाइटपर्यंत' एवढेच मागावयाचे. 'झार' ही अलीकडची रीत याच विचाराची.

तरी एक प्रश्न उरतोच. गठ्ठे दिवसावार बांधले, तर एका दिवसाचा साऱ्या देशाचा नकाशा काढणाऱ्याची सोय होते. स्थळावार बांधले, तर १९७२ च्या दुष्काळात आपल्या भागात किती पाऊस झाला हे पाहणाऱ्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठातल्या विद्यार्थ्याची. दोघांची सोय एकाच गाठीने पुरती होत नाही. रुमाल कसा बांधावयाचा हे ठरविताना कोणाचा प्रश्न सोपा करावयाचा हेही ठरून जाते. म्हणून बांधणाऱ्यांत आपल्या वऱ्हाडची मुले असावीत, असे आम्हांस वाटते.